१४ सेकंद, १७ यार्ड आणि मागून येणारा अंपायर

१६ जानेवारी २०२२, रविवार. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनचं एटी अँड टी स्टेडियम. एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, वाइल्ड कार्ड या बाद फेरीत डॅलस काउबॉइज घरच्या मैदानावर सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सशी खेळत होते. फलकावर नाइनर्स २३, काउबॉइज १७. चेंडू डॅलसकडे, नाइनर्सच्या ४१ यार्डांच्या रेषेवर, म्हणजे त्यांच्या गोलरेषेपासून ४१ यार्डांवर. घड्याळात १४ सेकंद. घड्याळ थांबवणारा टाइमआउट एकही शिल्लक नाही.

डॅलसचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास टाकणारा खेळाडू) डॅक प्रेस्कॉट याने स्नॅप घेतला, म्हणजे समोर वाकलेल्या सेंटरने मागे दिलेला चेंडू हातात घेतला, पास टाकणार असं भासवलं आणि मधल्या मोकळ्या वाटेने स्वतःच चेंडू घेऊन पळत सुटला. १७ यार्ड काढून तो २४ यार्डांच्या रेषेपाशी पाय पुढे करून घसरत खाली बसला. घड्याळात तेव्हा आठ-नऊ सेकंद होते. बेत सरळ होता. सगळ्यांनी धावत पुढे यायचं, रांग लावायची, चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवायचं आणि जे दोन-तीन सेकंद उरतील त्यांत एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात, एक शेवटचा पास टाकायचा. प्रत्यक्षात चेंडू आपटला गेला तेव्हा घड्याळ शून्यावर आलेलं होतं. रेफरीने सामना संपल्याचं जाहीर केलं आणि नियमित हंगामात १२ सामने जिंकलेला संघ घरी बसला.

नंतर सगळा राग एकाच प्रश्नावर निघाला: टाइमआउट नसताना क्वार्टरबॅकला मधून पळवायची बुद्धी झाली कुणाला? आमच्या मते प्रश्न तिथे नाही. पळण्याचा निर्णय वादाचा आहे, पण मूर्खपणाचा नाही. घोळ झाला तो प्रेस्कॉट खाली बसल्यानंतर. त्या आठ-नऊ सेकंदांत कोणाच्या हातात काय होतं, हे पाहिलं की या खेळातल्या घड्याळाचे बहुतेक नियम आपोआप समोर येतात.

घड्याळ कधी पळतं

क्रिकेटमध्ये चेंडू मोजतात, इथे वेळ मोजतात. आणि ती वेळ दोन चेंडूंच्या मध्ये, खेळ थांबलेला असतानाही पळत असते. १५ मिनिटांचे चार क्वार्टर, म्हणजे ६० मिनिटं. प्रत्येक संघाला प्रत्येक हाफमध्ये तीन टाइमआउट. पहिल्या हाफमधले उरले तर ते वाया, दुसऱ्यात नेता येत नाहीत. घड्याळं दोन असतात. एक सामन्याचं. दुसरं प्ले क्लॉक: आधीचा प्ले (स्नॅपपासून खेळ थांबेपर्यंतची एक खेळी) संपल्यापासून ४० सेकंदांत पुढचा स्नॅप झाला पाहिजे, नाहीतर ५ यार्डांचा दंड. टाइमआउट किंवा दंडासारख्या कारणाने खेळ मुळातच थांबला असेल तर हे ४० ऐवजी २५ सेकंद असतात.

चेंडूवाल्याला मैदानाच्या आत पाडलं, तर सामन्याचं घड्याळ चालूच राहतं. पास कोणी झेलला नाही, चेंडूवाला बाजूच्या रेषेबाहेर गेला, गुण झाले, चेंडू दुसऱ्या संघाकडे गेला, दंड झाला किंवा कोणी टाइमआउट घेतला, तर थांबतं. बाजूच्या रेषेचं एक कलम बाहेरून बघणाऱ्याला हमखास गोंधळात टाकतं. चेंडूवाला बाहेर गेला की घड्याळ थांबतं खरं, पण एरवी चेंडू जागेवर ठेवून रेफरीने खूण केली की ते पुन्हा चालू होतं, स्नॅपची वाट बघत नाही. पहिल्या हाफची शेवटची दोन मिनिटं आणि दुसऱ्या हाफची शेवटची पाच मिनिटं एवढ्याच काळात ते पुढच्या स्नॅपपर्यंत थांबून राहतं. त्यातही बाहेर जाताना चेंडूवाल्याची पुढची चाल आधी रोखली गेली असेल आणि त्याला मागे रेटत रेषेबाहेर ढकललं असेल, तर अधिकारी हात गोल फिरवतो. म्हणजे घड्याळ चालूच.

आणि या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: एनएफएलमध्ये फर्स्ट डाऊन (चार डाऊनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, १० यार्ड काढल्यावर मिळणारे नवे चार प्रयत्न) मिळाल्याने घड्याळ थांबत नाही. हिच्याकडे पुढे येऊच.

टाइमआउट गेले कुठे

शेवटच्या प्लेचा जमाखर्च त्याच्या आधीपासून मांडावा लागतो. आघाडीवर असलेल्या संघासाठी ते ४० सेकंदांचं प्ले क्लॉक म्हणजे हत्यार. कबड्डीत पुढे असलेल्या संघाचा चढाईपटू मध्यरेषेपाशी घुटमळत ३० सेकंद काढून परत येतो, तसंच. उदाहरण घ्या: समोरच्या संघाकडे चेंडू आहे, १ मिनिट ४० सेकंद उरलेत आणि तुमच्याकडे टाइमआउट नाही. तो क्वार्टरबॅक फक्त गुडघा टेकणार. प्लेचे दोन सेकंद आणि मधले ४०, असं दोनदा केलं की घड्याळात साधारण १६ सेकंद राहतात. तिसऱ्यांदा गुडघा टेकला की सामना संपला. चेंडूला तुमचा हातही लागत नाही. उलट, बचाव करताना वापरलेला प्रत्येक टाइमआउट जवळजवळ ४० सेकंद परत मिळवून देतो. आक्रमण करताना तोच टाइमआउट फार तर १२-१५ सेकंद वाचवतो, कारण घाईने रांग लावून आपटायला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणून पिछाडीवरच्या संघाने टाइमआउट चेंडू समोरच्याकडे असताना खर्च करावेत, हा जुना आणि बरोबर हिशेब. त्याची किंमत अशी, की चेंडू परत मिळतो तेव्हा खिसा रिकामा असतो.

डॅलसच्या बाबतीत हेच झालं. शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू नाइनर्सकडे होता. चौथ्या डाऊनला त्यांना जेमतेम काही इंच हवे होते. क्वार्टरबॅकने रेटून ते काढलेही, पण त्याआधीच त्यांच्या पुढच्या फळीतून फॉल्स स्टार्ट, म्हणजे स्नॅपआधीच हालचाल, झाला होता. पाच यार्ड मागे जाऊन त्यांनी पंट केला, म्हणजे चेंडू लाथेने दूर उडवून डॅलसला दिला. अशा रीतीने डॅलसला स्वतःच्या २० यार्डांच्या रेषेवर ३२ सेकंद मिळाले. हातात टाइमआउट शून्य, आणि जायचं ८० यार्ड. तिथून १८ सेकंदांत ते नाइनर्सच्या ४१ पर्यंत आले. हे काम चोख झालं होतं. त्या दिवशी डॅलसवर १४ दंड लागले होते. त्यातला एक तर एरवी जमून आलेल्या फेक पंटनंतरच्या (पंटचा आव आणून खेळलेल्या प्लेनंतरच्या) गोंधळात, प्ले क्लॉक संपल्यामुळे. असा संघ शेवटच्या मिनिटाला इतका नेटका खेळतो, हे विसरू नये.

१४ सेकंदांत काय काय करता आलं असतं

सहा गुणांची पिछाडी. फील्ड गोलच्या, म्हणजे खांबांमधून चेंडू मारण्याच्या, तीन गुणांनी काही होणार नव्हतं. टचडाऊनचे, म्हणजे चेंडू एंड झोनमध्ये नेण्याचे, सहा आणि वरच्या किकचा एक, म्हणजे २४-२३. त्यामुळे प्रश्न एकच: एंड झोनच्या दिशेने किती पास टाकता येतील आणि कुठून?

एक रस्ता, ४१ वरूनच उंच पास टाकायचा. क्वार्टरबॅक मागे सरकतो ते धरून चेंडू हवेत ५० यार्डांच्या आसपास जायला हवा. प्रेस्कॉटच्या हातात तेवढी ताकद आहे. असा एक पास सहा-सात सेकंद खातो, म्हणजे १४ सेकंदांत असे दोन बसले असते. पण ही झोंबाझोंबी असते. एंड झोनमध्ये सहा-सात बचावपटू उभे असतात आणि चेंडू कुणाच्याही बोटाला लागून कुठेही जातो.

दुसरा रस्ता, बाजूच्या रेषेकडे १२-१५ यार्डांचा पास. चार-पाच सेकंद, झेलला की बाहेर, घड्याळ बंद, मग नऊ सेकंदांत एंड झोनकडे एक पास, कदाचित दोन. पुस्तकातलं उत्तर हेच. पण समोरच्यांनीही तेच पुस्तक वाचलेलं असतं. नाइनर्सचे कोपऱ्यातले बचावपटू बाजूच्या रेषांना पाठ लावून उभे होते, खोलवर आणखी माणसं होती, आणि मधला पट्टा त्यांनी मुद्दाम मोकळा सोडला होता. मधे कितीही पळा, घड्याळ आमच्या बाजूने आहे, असा तो सौदा होता.

डॅलसने तो सौदा घेतला. प्रशिक्षक माइक मॅकार्थी आणि आक्रमणाचे समन्वयक केलन मूर यांचा विचार समजण्यासारखा आहे. २४ वरून टाकलेला पास हा जत्रेतला पास नसतो. तिथून खेळाडू ठरावीक वाटांनी पळून एंड झोनच्या कोपऱ्यात किंवा मधल्या फटीत मोकळे होऊ शकतात. दोन आंधळ्या पासांऐवजी एक डोळस पास. अदलाबदल वाईट नाही. अट एवढीच, की तो पास टाकायला मिळाला पाहिजे.

खाली बसल्यापासून शून्यापर्यंत

चेंडू आपटून घड्याळ थांबवण्याच्या कृतीला स्पाइक म्हणतात. नियमाने ती चालते, पण क्वार्टरबॅक सेंटरच्या लगेच मागे उभा हवा आणि हातात चेंडू आल्याबरोबर, मध्ये न थांबता, सलग हालचालीत तो जमिनीवर मारला पाहिजे. एक डाऊन खर्च होतो आणि साधारण एक सेकंद. त्याच्या आधीची तयारी मात्र खूप मोठी असते. सात माणसं चेंडूच्या रेषेवर हवीत. सगळे अकराही जण एक पूर्ण सेकंद स्तब्ध हवेत. १४० किलोचे लाइनमन, जे ४१ च्या रेषेवर धक्काबुक्की करत होते, त्यांनी १७ यार्ड पळत यायला हवं. पुढे निघून गेलेल्या रिसीव्हरांनी (पास झेलणाऱ्यांनी) मागे फिरून चेंडूच्या अलीकडे यायला हवं. एक जण जरी हलत राहिला आणि त्या चुकीमुळे घड्याळ थांबलं, तर शेवटच्या दोन मिनिटांत ५ यार्डांबरोबर घड्याळातले १० सेकंदही कापले जातात. टाइमआउट देऊन ही कपात टाळता येते, पण तो नव्हता. थोडक्यात, स्तब्ध होण्याआधी स्नॅप घेतला असता तरी सामना तिथेच संपला असता. दुखापतीचं सोंग करूनही सुटका नाही. टाइमआउट नसताना आक्रमक संघाच्या दुखापतीवरही त्याच १० सेकंदांची टांगती तलवार असते.

आता चेंडूकडे पाहू. प्रेस्कॉट खाली बसला, उठला आणि चेंडू त्याने आपल्या सेंटरच्या, टायलर बियाडिशच्या हातात दिला. सेंटरने तो स्वतःच जमिनीवर ठेवला आणि त्यावर वाकला. रांग लागायला लागली. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटतं, झालं, आता आपटा. पण या खेळात चेंडू कुठे ठेवायचा हे खेळाडू ठरवत नाहीत. अधिकाऱ्याचा हात लागल्याशिवाय तो चेंडू खेळायला तयार होत नाही. सात अधिकाऱ्यांपैकी हे काम इथे अंपायरचं, आणि तो मागून येत होता. मागून येणं त्याचा आळस नव्हे. चेंडूवाला धावत असेपर्यंत त्याच्या वाटेत येऊ नये म्हणून त्याने अंतर राखून मागे राहायचं असतं. म्हणजे प्रेस्कॉट जितका लांब पळाला, तितकाच अंपायरलाही मागाहून पळायला लागलं.

तो पोहोचला तेव्हा त्याच्यापुढे माणसांची भिंत तयार झाली होती. प्रेस्कॉट सेंटरच्या मागे वाकलेला, दोन्ही बाजूंना गार्ड, म्हणजे सेंटरच्या शेजारचे लाइनमन. अंपायर प्रेस्कॉटला धक्का देत, सेंटरच्या बाजूने वाट काढत आत घुसला, खाली वाकला, चेंडूला हात लावला, तो योग्य जागी सरकवला आणि बाहेर पडला. या घुसाघुशीत जे दोन-तीन सेकंद गेले, तेच डॅलसला हवे होते. मुख्य रेफरी ॲलेक्स केम्प यांनी सामन्यानंतर सांगितलं ते हेच: अंपायर योग्य अंतरावरून मागे येत होता, आणि चेंडू बरोबर जागेवर नेताना तो खेळाडूंवर आदळला.

चेंडू सरकवायची गरज का पडली, याचं कारण घसरण्याच्या नियमात आहे. धावपटू पाय पुढे करून घसरला की त्याचं शरीर जमिनीला पहिल्यांदा टेकतं तिथे चेंडू मृत होतो, म्हणजे प्ले तिथेच संपतो. घसरत जाऊन तो जिथे थांबतो, तिथे नाही. पण प्रेस्कॉट उठतो तो थांबल्या जागेवरून, आणि सेंटर चेंडू ठेवतो तो तिथेच, किंवा घाईत आणखी पाव यार्ड पुढे. त्यामुळे खेळाडूने ठेवलेला चेंडू जवळजवळ नेहमीच चुकीच्या जागी असतो आणि अंपायरला नुसता हात लावून भागत नाही. सेंटरला चेंडू देऊन वेळ वाचल्यासारखा वाटतो; खरं तर तो दुप्पट जातो, कारण लावलेली भिंत अंपायरला फोडावी लागते.

एक गोष्ट मात्र बरोबर झाली होती. धाव मैदानाच्या मध्यभागी संपली. मैदानावर हॅश मार्कांच्या दोन ओळी असतात आणि प्ले त्यांच्या बाहेर संपला तर चेंडू उचलून जवळच्या हॅशवर आणावा लागतो. तो आडवा प्रवास वाचला होता.

प्रेक्षकांनी नंतर बाहेर जाणाऱ्या अधिकाऱ्यांवर वस्तू फेकल्या. प्रेस्कॉटने पत्रकारांपुढे त्या प्रेक्षकांना शाबासकी दिली, पुढे माफी मागितली आणि लीगने त्याला २५,००० डॉलर दंड केला. डॅलसच्या गोटात या प्लेवरून केवढी तगमग होती, ते यावरून कळावं.

चूक नेमकी कुठे

मोजायचं असेल तर असं मोजा. प्रेस्कॉट १७ ऐवजी १० यार्डांवर, म्हणजे ३१ च्या आसपास खाली बसला असता, तर त्याच्या धावण्यातला सेकंदभर, कदाचित थोडा जास्त वेळ वाचला असता. लाइनमन आणि अंपायर यांना प्रत्येकी सात यार्ड कमी पळायला लागलं असतं. तिथे आणखी एक सेकंद. दोन-अडीच सेकंदांचा हा फरक म्हणजे आपटून झाल्यावर घड्याळात काहीतरी शिल्लक असणं आणि नसणं यांतला फरक. पासाच्या दृष्टीने २४ आणि ३१ मध्ये अंतर आहेच, पण टाकता येणारा ३१ वरचा पास टाकता न आलेल्या २४ वरच्या पासापेक्षा केव्हाही चांगला.

धावताना क्वार्टरबॅकला समोर मोकळं मैदान दिसतं आणि पाय थांबत नाहीत, हे मान्य. म्हणूनच ही गोष्ट त्याच्या मनावर सोडायची नसते. प्ले बोलावतानाच आकडा ठरवायचा: इतक्या यार्डांवर किंवा घड्याळात ११ दिसले की खाली, जे आधी येईल ते. असा खिळा ठोकून दिलेला असेल तर आठ-नऊ सेकंदांवर बसायची वेळ येत नाही.

दुसरी सुटलेली संधी जरा बारीक आहे. सामन्याचं घड्याळ शून्यावर येताना एखादा प्ले सुरू असेल, तर तो पूर्ण होईपर्यंत चालतो. म्हणजे स्नॅपच्या क्षणी घड्याळात एक सेकंद असला तरी पुरतो. स्पाइकला मात्र स्नॅप, आपटणं आणि त्यानंतर घड्याळात काहीतरी उरणं, हे तिन्ही हवं. म्हणून रांग लागेपर्यंत घड्याळ दोन-तीन सेकंदांवर आलं, की आपटण्याचा विचार सोडून थेट खरा प्ले खेळणं शहाणपणाचं. त्यासाठी त्या प्लेचं नाव आधीच्याच प्लेबरोबर सांगून ठेवावं लागतं: पहिलं हे, आणि घड्याळ अमुकच्या खाली गेलं तर न आपटता ते. ऐन वेळी ११ जणांना ओरडून सांगता येत नाही. ८०,००० माणसांच्या गोंगाटात तर नाहीच.

तोच प्ले कॉलेजात

हाच प्ले कॉलेज फुटबॉलमध्ये झाला असता तर? त्या हंगामात कॉलेजच्या नियमांत फर्स्ट डाऊन मिळाला की घड्याळ थांबायचं आणि चेंडू जागेवर ठेवून रेफरीने शिट्टी दिल्यावरच पुन्हा चालू व्हायचं. १७ यार्डांच्या धावेत फर्स्ट डाऊन मिळून गेलाच होता. म्हणजे प्रेस्कॉट खाली बसताच घड्याळ आठ-नऊ सेकंदांवर गोठलं असतं. अंपायर आरामात आला असता, लाइनमन आले असते, शिट्टी, स्पाइक, आणि घड्याळात सहा-सात सेकंद. टाइमआउट नसतानाही मधून पळणं तिथे अगदी साधा, सुरक्षित प्ले ठरतो. २०२३ पासून कॉलेजातही ही सोय प्रत्येक हाफच्या फक्त शेवटच्या दोन मिनिटांपुरती उरली आहे. शेवटच्या १४ सेकंदांत ती आजही लागू झाली असती. तिथे आणखी एक स्पष्ट कलम आहे: घड्याळ तीन सेकंदांखाली असताना शिट्टीवर सुरू होणार असेल, तर आपटून वेळ वाचवता येत नाही, एकच प्ले खेळता येतो.

एनएफएलमधला प्रत्येक खेळाडू शाळा आणि कॉलेज मिळून सात-आठ वर्षं फर्स्ट डाऊनला थांबणाऱ्या घड्याळावर वाढलेला असतो. प्रेस्कॉटही मिसिसिपी स्टेटकडून खेळून आलेला. इतकी वर्षं व्यावसायिक लीगमध्ये घालवलेल्या माणसाला नियम माहीत नव्हता, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण ‘मधे पळून फर्स्ट डाऊन काढला की श्वास घ्यायला वेळ मिळतो’ ही पायांना लागलेली सवय सहजी सुटत नाही, एवढं नक्की.

एका आठवड्यानंतर, १३ सेकंद

टाइमआउटची किंमत पाहायची तर फार लांब जायला नको. बरोबर सात दिवसांनी, २३ जानेवारी २०२२ ला, कॅन्सस सिटी चीफ्स बफेलो बिल्सविरुद्ध तीन गुणांनी मागे होते आणि घड्याळात १३ सेकंद होते. डॅलसपेक्षा एक कमीच. बिल्सने किकऑफ (गुण झाल्यावर समोरच्याला चेंडू देणारी किक) थेट एंड झोनमध्ये मारला. चेंडू मैदानात कुणी हाताळलाच नाही, त्यामुळे घड्याळ हललं नाही आणि चीफ्सना आपल्या २५ वर पूर्ण १३ सेकंद मिळाले. किक थोडी आखूड, मैदानात पडेल अशी मारली असती, तर परतीच्या धावेत चार-पाच सेकंद तरी गेले असते. पहिला पास टायरीक हिलकडे, १९ यार्ड, टाइमआउट, ८ सेकंद. दुसरा ट्रॅव्हिस केल्सीकडे, २५ यार्ड, टाइमआउट, ३ सेकंद. मग हॅरिसन बटकरचा ४९ यार्डांचा फील्ड गोल, ३६-३६, आणि जादा वेळेत चीफ्स ४२-३६ ने जिंकले.

दोन्ही पास मैदानाच्या आतच संपले. खेळाडू उठायच्या आत टाइमआउटची खूण झालेली. लाइनमन, अंपायर, रांग, स्तब्ध सेकंद, यांतलं काहीही घड्याळाच्या हिशेबात आलंच नाही. चीफ्सला तीन गुण पुरेसे होते आणि डॅलसला टचडाऊनच हवा होता, हा फरक आहेच. पण एका संघाला प्रत्येक प्लेला पाच सेकंद पडले आणि दुसऱ्याला एकाच प्लेला १४, याचं कारण खिशातले ते दोन टाइमआउट.

तोच प्ले, नीट खेळला तर

टाइमआउट नाही, १४ सेकंद आहेत आणि मधून पळायचंच ठरलं, तर क्रम असा हवा. प्ले सांगतानाच तीन गोष्टी सांगायच्या: १० यार्डांवर किंवा ११ सेकंदांवर खाली, मग स्पाइक, आणि रांग लागताना घड्याळ तीनच्या खाली असेल तर स्पाइक नाही, अमुक प्ले. रिसीव्हरांनी फार खोल न जाता १०-१२ यार्डांवर राहायचं, म्हणजे परत फिरायचं अंतर उरत नाही. लाइनमननी समोरच्याला अडवून झालं की शिट्टीची वाट न पाहता पुढे निघायचं.

खाली बसल्यावर क्वार्टरबॅकने चेंडू सेंटरला द्यायचा नाही. वळायचं, काळी टोपी शोधायची आणि अंपायर जिथे असेल तिथे दोन पावलं त्याच्याकडे जाऊन चेंडू त्याच्याच हातात ठेवायचा. फेकायचा तर मुळीच नाही. निसटला तर मागे कोण पळणार? सेंटरने चेंडूच्या जागेवर वाकून बसायचं नाही. हातभर बाजूला उभं राहायचं, जागा मोकळी ठेवायची आणि अंपायरने चेंडू ठेवून हात काढला की मग वाकायचं. गार्डनीही तोवर मधली वाट सोडून उभं राहायचं. क्वार्टरबॅकने या सगळ्या वेळात घड्याळाकडे एकदाच पाहायचं, अंपायर वाकला तेव्हा, आणि तिथेच ठरवायचं: आपटायचा की टाकायचा.